मुलगी लवकर वयात येतेय का? आधी हे बघ

अगं घाबरू नकोस, माझ्या मुलीच्या वेळी मीही अशीच रात्र रात्र जागून काढलीय. लवकर वयात येण्याचा वजनाशीही संबंध असतो. मुळात चरबी म्हणजे नुसता साठा नाही, ती हार्मोन्स बनवते. त्यातलं लेप्टिन, १९९४ मध्ये सापडलेलं, मेंदूला सांगतं की शरीरात पुरेशी ऊर्जा शिल्लक आहे, आणि मग वयात यायची प्रोसेस सुरू व्हायला वाट मोकळी होते. पण लेप्टिन फक्त परवानगी देतं हं, एकटं ते काही सुरू करत नाही, आनुवंशिकताही असतेच. शिवाय चरबीतलं अरोमाटेज नावाचं एन्झाइम अँड्रोजेनचं (पुरुषी हार्मोनचं) इस्ट्रोजेन (स्त्री हार्मोन) करतं, म्हणून जाड मुलींमध्ये हे सगळं जरा लवकर दिसतं, मुलग्यांचं चित्र मात्र एवढं सरळ नाहीये.

आणि एक, छाती भरल्यासारखी वाटली तरी ती कधी कधी नुसती चरबीच असते, त्यामुळे डोळ्यांनी ठरवू नकोस, डॉक्टर हाताने तपासून सांगतात. मुलीत ८ आणि मुलात ९ वर्षांच्या आत लक्षणं दिसली तर थेट एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोन्सच्या डॉक्टरकडे) जा, ते हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय, म्हणजे हाडं किती वाढलीयत ते, बघतील. उंचीच्या नोंदी सोबत ने, खूप कामाला येतात. आणि प्लीज वजन कमी करायला म्हणून तिला उपाशी ठेवू नकोस, वाढतं वय आहे तिचं.