टेबल मधेच गर्रकन का फिरतं? पोस्टप्रोसेसरवर वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सर नमस्कार, मी भोसरी एमआयडीसीत एका जॉबवर्कच्या शॉपमध्ये प्रोग्रामिंग बघतो. ट्रनियन टेबलचं ५ अ‍ॅक्सिस मशीन आहे, टेबल ए मध्ये कलतं आणि सी मध्ये गोल फिरतं, कंट्रोलर फानुक, ए ची रेंज मायनस ३० ते प्लस १२०. फ्यूजन या कॅम सॉफ्टवेअरची तयार पोस्ट (टूलपाथचा मशीनला कळणारा जी-कोड करून देणारी फाइल) घेऊन त्यातच थोडे बदल केलेत. ३+२ चं (ए-सी एका कोनात लॉक करून ३ अ‍ॅक्सिसवर) काम छान निघतं पण डोमसारख्या कोअरचं फिनिशिंग लावलं की माथ्यावर टेबल गर्रकन फिरतं आणि तिथेच डाग पडतो. सध्या जी-कोडमध्ये हाताने लाइनी बदलतोय. पोस्टमध्ये नक्की काय बदलू?

उत्तर: आधी ते हाताने बदलणं थांबवा, उद्या कॅममधून परत पोस्ट केलं की सगळं पुसलं जाणार आणि रात्रपाळीच्या पोराला कुठली फाइल खरी तेच कळणार नाही.

आता डागाचं बघू. तुमच्या प्रोग्राममध्ये माथ्याजवळच्या दोन लाइनी काढून बघा, एकीत ए१.२ सी१० असेल आणि लगेच पुढच्या लाइनीत ए१.१ सी१८८ असं काहीतरी. म्हणजे अर्धा मिलिमीटर जायचंय आणि त्यासाठी टेबल १७८ डिग्री फिरतंय, तोपर्यंत टूल एकाच जागी घासत बसतं, तोच तुमचा डाग. पण टूलची तीच दिशा ए मायनस १.१ सी८ ने पण मिळते! प्रत्येक दिशेला अशी दोन उत्तरं असतात आणि त्यातलं कुठलं घ्यायचं ते पोस्ट ठरवते. पोस्टची एक कॉपी वेगळी ठेवा, मग नोटपॅडमध्ये उघडून क्रिएटअ‍ॅक्सिस (createAxis, अ‍ॅक्सिसची रेंज लिहायची जागा) शोधा, तिथे ए ची रेंज ० ते १२० लिहिलेली असली तर पोस्टला मायनस बाजू माहीतच नाही, बिचारी सी फिरवणार नाही तर काय करणार. तिथे मायनस ३० ते १२० करा.

टूलचा कल ३० च्या आत राहत असेल तर एवढ्यावर काम होतं. त्यापुढे ए ची हद्द लागते, मग पोस्टने टूल वर उचलून, टेबल फिरवून, परत आत उतरायला हवं, ते लिहिणं जरा किचकट आहे. मी तर म्हणेन माथ्याचा भाग वेगळा काढा आणि बॉलनोज (गोल टोकाचं टूल) १५ डिग्रीवर लॉक करून ३+२ मध्येच मारा, बॉलच्या टोकाला स्पीड शून्य असतो, कल दिला की ते टोक घासत नाही, त्यामुळे फिनिशही त्यात चांगलं येतं.

फीडचं पण बघून घ्या. जी४३.४ (टेबल फिरलं तरी टूलचं टोक जॉबवर धरून ठेवणारा मोड) चालू असेल तर साधा जी९४ (मिमी प्रति मिनिट फीड) ठेवा. जी४३.४ चा ऑप्शन मशीनवर नसेल तर जी९३ (यात एफ म्हणजे १ भागिले त्या चालीला लागणारी मिनिटं), त्यात ५ मिमीची चाल ५०० फीडने म्हणजे ०.०१ मिनिट, म्हणून एफ१००, आणि एफ प्रत्येक लाइनीवर यायलाच हवा.

ट्रायल नायलॉनच्या ठोकळ्यावर घ्या. आणि ही चूक करू नका, वर्क ऑफसेटचा (जॉबच्या शून्य बिंदूचा) झेड वर उचलून ड्राय रन (न कापता चाचणी) घेतात बरेच जण, पण जी४३.४ मध्ये ए ९० ला गेला की ती उचल आडवी होते आणि टूल जॉबच्या जवळच राहतं. त्यापेक्षा टूलच्या एच (लांबीच्या ऑफसेट) मध्ये ५० मिमी जास्त टाका, मग टूल कायम स्वतःच्या अक्षातच ५० मागे राहतं.

ठोकळ्यावर सी ९० आणि २७० च्या तोंडावर काम घ्याच. चाकणला एका शॉपमध्ये माझ्याकडून पोस्टमध्ये सी ची दिशा उलटी राहिली होती, ० आणि १८० ला सगळं बरोबर निघालं कारण तिथे उलटं-सुलटं कळतच नाही, आणि ९० ला टूल थेट वाइसच्या जबड्यात गेलं.

प्रश्न: पिंपरीत डिप्लोमा करतोय. पोस्ट शिकायला कुठली भाषा लागते?

उत्तर: फ्यूजनला जावास्क्रिप्ट, एनएक्सला टीसीएल, मास्टरकॅमची स्वतःची वेगळी. फ्यूजनपासून सुरू कर, त्याच्या पोस्ट उघड्या असतात, वाचता येतात. पण भाषेच्या आधी मशीनसमोर उभा राहा, एमडीआयमध्ये (मशीनवर हाताने एखादी लाइन टाइप करून चालवायचा मोड) सी९० दे आणि टेबल कुणीकडे फिरलं ते कागदावर काढ.