वाचकांचे प्रश्न : रूपकात न बसणारे सात

प्रश्न : आम्ही लातूरचे चार मित्र कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजवतो. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचे १९७३ सालचे ‘मनी’ हे गाणे स्वतः वाजवून रेकॉर्ड करण्याचे आम्ही ठरवले आहे. गाणे सात मात्रांचे असल्यामुळे तबला शिकलेल्या मित्राने रूपक हा सात मात्रांचा ताल धरून सराव करून घेतला. तरीही रेकॉर्डिंग ऐकताना गाणे लंगडते आणि गिटारच्या सोलोपाशी आम्ही सगळेच सुटतो. शिवाय गिटारखाली सतत घूं असा आवाज येतो. शब्द मराठीत करून गाणे प्रसिद्ध केले तर चालेल का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : रूपकाने तुमची मोजणी पक्की केली, पण वजन चुकवले. ‘तीं तीं ना, धीं ना, धीं ना’ असा ठेका म्हणून पाहा : रूपकात समेवरच, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरच, खाली (बिनजोराची जागा) असते, त्यामुळे पहिली मात्रा हलकी जाते आणि भरीव ‘धीं’ चौथ्या व सहाव्या मात्रेवर येतो. या गाण्यात मात्र बासचा जाड स्वर नेमका पहिल्या मात्रेवर पडतो आणि पुढची सगळी ओळ त्या स्वराला टेकून उभी राहते. ड्रमवाला मनात रूपक म्हणत असेल, तर त्याचा जोर एकीकडे आणि बासचा दुसरीकडे पडणार. तुम्हाला ऐकू येणारे लंगडणे बहुधा हेच असावे. काही दिवस वाद्ये बाजूला ठेवून चौघांनी बासची ओळ तोंडाने म्हणावी. पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणे, काय असते ते तुमच्या तबलजी मित्राला सांगायला नको. बोल तोंडात बसले की मात्रा मोजाव्या लागत नाहीत.

सोलोचे कारण वेगळे आहे. सॅक्सोफोनचा सोलो सातातच राहतो, पण गिटारचा सोलो चार मात्रांत जातो आणि तो संपल्यावर गाणे पुन्हा सातात येते. तुमचा मेट्रोनोम (ठोक्यांनी लय दाखवणारे साधन) प्रत्येक सातव्या मात्रेनंतर टणत्कार देत असेल, तर चारांच्या भागात तो खोटी सम दाखवत राहतो. सॉफ्टवेअरमध्ये त्या भागापुरती मात्रांची संख्या बदला, किंवा सरळ जोर नसलेला क्लिक ठेवा. बास आणि ड्रम एकत्र, एका दमात रेकॉर्ड करा. बाकीचे थर नंतर चढवता येतात.

सुरुवातीच्या नाण्यांच्या आवाजाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. नाणी, गल्ल्याचे यंत्र, फाटणारा कागद असे सात आवाज टेपच्या समान लांबीच्या तुकड्यांवर घेऊन, ते जोडून त्यांची फिरती माळ केलेली होती; प्रत्येक मात्रेला एक आवाज. तो भाग मूळ ध्वनिमुद्रणातून उचलू नका, कारण ध्वनिमुद्रणाचा हक्क गाण्याच्या हक्काहून स्वतंत्र असतो. तुमच्या गावात आडत बाजार आहे. काट्यावर आदळणारे वजन, पोत्यातून ओढलेली सुतळी, फाडलेली पावती, स्टीलच्या ताटात पडलेली नाणी यांची माळ मला तरी मूळ आवाजांच्या नकलेपेक्षा अधिक ऐकावीशी वाटेल.

मराठी शब्दांसाठी हक्कधारकाची लेखी परवानगी लागेलच, कारण भाषांतर हा स्वतंत्र हक्क आहे. मूळ शब्दांसह कव्हर, म्हणजे तेच गाणे स्वतः गाऊन-वाजवून नव्याने रेकॉर्ड, करण्यासाठी कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेले कलम ३१सी (31C) आहे. पण त्यात आगाऊ सूचना, आगाऊ रॉयल्टी आणि तीही वर्षाला किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने, अशा अटी आहेत. चार विद्यार्थ्यांच्या खिशाला हे झेपणारे नाही, तेव्हा प्रसिद्ध करण्यापूर्वी हक्कधारकांकडेच विचारणा करावी.

राहता राहिले घूं. प्रथम लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा. आवाज तसाच राहिला तर इन्व्हर्टरपासून दूर बसा, पंखा रेग्युलेटरसकट बंद करा आणि गिटार हातात धरून स्टुलावर हळूहळू गोल फिरा. गिटारला सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपने टिपणारे एकाच वेटोळ्याचे चुंबकीय साधन) असेल, तर एका विशिष्ट कोनात घूं एकदम खाली बसते. तिथे जमिनीवर खडूने खूण करून ठेवा आणि प्रत्येक टेक त्याच दिशेला तोंड करून घ्या. एप्रिलमध्ये पंख्याशिवाय हे अवघड जाते, म्हणून गिटार पहाटे रेकॉर्ड करा.