पूजा झाली का?

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या डे-केअरमध्ये कामाला लागून तुला जेमतेम दोन महिने झालेत, आणि त्या आजी दिवसातून तीस-चाळीस वेळा ‘पूजा झाली का?’ म्हणून विचारतात. ‘झाली’ म्हटलं की ‘माझ्याशिवाय कशी केली?’ म्हणून रडतात आणि ‘नाही’ म्हटलं की उठून घरी जायला निघतात. खोटं बोलू की खरं, असं तू विचारलं आहेस.

माझं ऐकशील तर दोन्ही बाजूला ठेव. त्यांच्या हातात फुलं दे.

जिने पन्नास-साठ वर्षं आंघोळ झाल्याबरोबर देव पुसले, गंध उगाळलं, वाती वळल्या, तिला सकाळी हात रिकामे ठेवून खुर्चीत बसवलं तर ती दुसरं काय विचारणार? उद्या त्यांच्यापुढे तबक ठेव. झेंडू, शेवंती, निवडायला दूर्वांची जुडी, थोडा कापूस. ‘आजी, एवढं करून देता का, मला जमत नाही’ म्हण. कापूस हातात आला की बोटं आपोआप फुलवात करायला लागतील. मी हे इतक्या जणींच्या बाबतीत पाहिलं आहे की आता मला नवल वाटत नाही, पण डोळ्यांत पाणी मात्र अजून येतं.

यामागचं कारण तुला ठाऊक हवं. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या नेहमीच्या आजारात, नव्या आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या भागाला लवकर इजा होते, म्हणून सकाळचा चहा घेतल्याचं आठवत नाही. हातांच्या आणि जिभेच्या सवयी मेंदूच्या दुसऱ्या भागांत मुरलेल्या असतात, त्या पुष्कळ काळ टिकतात. मुलाचं नाव न सांगता येणारी बाई टाळ वाजल्याबरोबर हरिपाठ म्हणू लागते, ती याच वाटेने. लय, चाल आणि लहानपणापासूनची घोकंपट्टी तिला पुढे नेते.

म्हणून एक गोष्ट कधीही करू नकोस: परीक्षा घेऊ नकोस. ही चूक मी माझ्या आईच्या बाबतीत केली. ती रामरक्षा म्हणता म्हणता मध्येच थांबायची आणि मी शिकवणीतल्या बाईंसारखी ‘पुढे काय? आठव ना’ म्हणायचे. मला वाटायचं, मेंदूला व्यायाम होतोय. एक दिवस ती गप्प झाली, आणि नंतर कितीतरी आठवडे तिने ओठ हलवले नाहीत. तिची एक जागा उरली होती जिथे ती चुकत नव्हती, तिथेही मी तिला चुकवलं. ती अडली की आपण सोबत म्हणत पुढे जायचं, एवढंच. तोच श्लोक चार वेळा आला तर चार वेळा म्हणायचा. माळ ओढताना मणी मोजायचा नाही.

आता संध्याकाळ. चार-पाचच्या सुमारास तुमच्याकडे सगळे अस्वस्थ होतात, ‘घरी सोडा’ म्हणतात, येरझाऱ्या घालतात, हे तू लिहिलंस. डॉक्टर याला सनडाउनिंग म्हणतात. आपल्याकडे तिन्हीसांजेला दिवा लावून शुभंकरोती म्हणायची रीत आहे, ती या वेळेला फार उपयोगी पडते. आधी खोलीतले सगळे दिवे लाव, पडद्यांच्या सावल्या घालव, टीव्ही बंद कर. मग रोज त्याच वेळी, त्याच जागी समई लाव. समई बॅटरीची असू दे. पदर, थरथरता हात आणि ज्योत एकत्र नकोत. आवाज आपला बेताचा, पाच-सहा जणांपुरता. मोठ्या आरतीतला घंटांचा आणि झांजांचा कल्लोळ यातल्या बऱ्याच जणांना सोसत नाही.

आणखी काही सावधगिरी सांगते. पूजेच्या फुलांत कण्हेर ठेवू नकोस, ती विषारी आहे, आणि या आजारात वस्तू तोंडात जाते. कापूर तर कुलपात ठेव. खडीसाखर समजून खाल्ला जातो, आणि थोडासाही घातक ठरू शकतो. एकादशी आहे म्हणून मधुमेहाच्या आजोबांना गोळी देऊन उपाशी ठेवायचं नाही. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांना प्रसादाचे कोरडे शेंगदाणे, फुटाणे नकोत. शिरा मऊ करून चमच्याने दे.

एखादे आजोबा ‘दारात पांडुरंग उभा आहे’ म्हणाले तर? घरच्यांना हा साक्षात्कार वाटतो आणि ते कुणाला सांगत नाहीत. लेवी बॉडी नावाच्या डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात, नसलेली माणसं, प्राणी अगदी स्पष्ट दिसतात. आजोबांना त्यात आनंद असेल तर वाद घालू नकोस, हात जोड आणि जवळ बस. पण नोंद कर आणि डॉक्टरांना नक्की कळव, कारण भास थांबवायची काही औषधं या प्रकारात फार अपाय करतात. आणि कालपर्यंत बरं असलेलं माणूस दोन दिवसांत एकदम बरळायला लागलं तर नामस्मरण नंतर, आधी लघवीचा संसर्ग, ताप, बद्धकोष्ठता आहे का ते बघायला लाव.

नातेवाईक तुला विचारतील, ‘जप केला तर स्मरणशक्ती परत येईल ना?’ तिथे गोड बोलू नकोस. गाण्या-भजनाने उदासी काहीशी कमी होते असं अभ्यासांत दिसलं आहे. गेलेली स्मृती त्याने परत येत नाही. ‘प्रारब्ध’ हा शब्द मात्र पेशंटसमोर कुणाला उच्चारू देऊ नकोस. त्यांना वाक्य कळत नसेल, सूर कळतो.

सगळ्यात अवघड प्रश्न तू शेवटी, जाता जाता विचारलास. ते माळकरी आजोबा शेजारच्या डब्यातली सुकट मागून खातात, आणि मुलगा तुमच्यावर चिडतो. मी यावर बराच विचार केला आहे. माळ घालताना ते पूर्ण भानावर होते. तो शब्द त्यांचा आहे आणि आता तो सांभाळणं आपल्याकडे आलंय. तेव्हा त्यांची जेवायची जागा बदल, ताटात त्यांच्या आवडीचं काही दे. तरीही घास गेलाच, तर हातातून हिसकायचा नाही, आणि ‘माळ घातलीय ना तुम्ही!’ असं ऐकवायचं नाही. मुलाला मात्र एकांतात, शांतपणे सांग. त्याला वडील हरवल्याचं दुःख आहे, राग डब्यावर निघतोय.

आणि तुमच्याकडचे ते निवृत्त मास्तर, ज्यांनी आयुष्यात कधी देवाला हात जोडला नाही, त्यांना ओळीत बसवून टाळ्या वाजवायला लावू नका. ते विरोध करू शकत नाहीत म्हणून आपण त्यांना भाविक करायचं का? त्यांना शाळेची घंटा दे, प्रार्थनेऐवजी पाढे म्हणू देत, बागेत कडुलिंबाखाली नेऊन बसव. त्यांचं मन तिथे निवत असेल तर तीच त्यांची उपासना.

फुलं उद्यापासूनच सुरू कर. आणि एक काम: त्या आजींच्या भावाला फोन करून विचार, माहेरी देवघर कुठल्या बाजूला होतं, कुठला देव होता, आणि आरती कोण म्हणायचं. चाल माहेरची असेल तर सासरच्या चालीवर त्या अडतात. काय कळलं ते लिही.

तुझी,
ताई