श्वानसंगोपन वर्ग आणि मुलीचे पुढचे शिक्षण

सप्रेम नमस्कार,

आपल्या १४ वर्षांच्या मुलीला सुट्टीत कुमारवयीनांसाठीच्या श्वानसंगोपन व प्रशिक्षण वर्गाला जायचे आहे, घरी कुत्रा नाही, आणि यातून पुढे काही शिक्षण वा व्यवसाय उभा राहील का, असे आपण विचारले आहे. तिला अवश्य पाठवावे, मात्र वर्ग पारखून घ्यावा.

पहिल्याच दिवशी पट्टा हाती देऊन आज्ञा द्यायला लावणाऱ्या वर्गापेक्षा, आधी कुत्र्याचे नीट निरीक्षण करायला शिकवणारा वर्ग मला अधिक विश्वासाचा वाटतो. समोर खाणे नसताना ओठ चाटणे, झोप आलेली नसताना जांभया देणे, तोंड फिरवणे, अंग ताठ करणे ही अस्वस्थतेची लक्षणे असू शकतात. शेपूट हलवणारा प्रत्येक कुत्रा खूश असतोच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांच्या चाव्याला बळी पडणाऱ्यांत सुमारे ४० टक्के मुले १५ वर्षांखालील असतात. त्यामुळे ही लक्षणे ओळखणे, आणि कुत्रा चावलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जाणे, हे तिथे शिकवलेच पाहिजे. हवे तसे वर्तन घडताच, एक-दोन सेकंदांत, खाऊ किंवा शाबासकी देण्याची पद्धत तिथे असावी. हिसके आणि मार यांवर चालणारा वर्ग टाळावा, कारण गुरगुरल्याबद्दल शिक्षा झालेला कुत्रा पुढे इशारा न देताच चावण्याची भीती असते.

घरी कुत्रा नाही, ही अडचण नव्हे. कुत्रा साधारणपणे १० ते १३ वर्षे जगतो. आज पिल्लू आणले, तर मुलगी उच्च शिक्षणासाठी बाहेर पडेल तेव्हा त्याचे फिरवणे, लसीकरण आणि म्हातारपणीचे औषधपाणी बहुधा आपल्याच वाट्याला येईल. वर्ग पूर्ण होईपर्यंत तो निर्णय घेऊ नये.

पशुवैद्यकीय शिक्षणासाठी जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र पक्के हवे. प्राणिवर्तनाच्या अभ्यासाकडे प्राणिशास्त्र किंवा मानसशास्त्रातून जाता येते. अंध व अपंग व्यक्तींच्या मदतनीस कुत्र्यांचे प्रशिक्षण हाही जबाबदारीचा व्यवसाय आहे. श्वानप्रशिक्षकाच्या व्यवसायाला अनेक देशांत परवान्याची अट नाही, म्हणून या वर्गाच्या प्रमाणपत्राला व्यावसायिक पात्रता समजू नये. तिने कोणत्या कुत्र्याला काय शिकवले, कुठे अडले आणि पद्धत कशी बदलली, याची नोंदवही रोज लिहावी, आणि दहावीनंतरच्या विषयांची निवड करताना ती घेऊन मला भेटावे.