वाचकांचे प्रश्न : टेरी फॉक्सची धाव आणि कर्करोग संशोधनाचा निधी

प्रश्न : टेरी फॉक्सच्या जुन्या चित्रफितीत तो धडधाकट पायावर दोनदा उडी घेऊन पुढे सरकतो. असे का? (कोल्हापूर)

उत्तर : टेरी हा कर्करोग संशोधनासाठी पैसा जमवायला कॅनडाभर धावत निघालेला तरुण. हाडाच्या कर्करोगामुळे 1977 मध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या सुमारे 15 सेंटिमीटर वर कापला, म्हणजे गुडघाही कृत्रिमच होता. तेव्हाचे कृत्रिम सांधे चालण्यासाठी घडवलेले असत. धावताना खालचा भाग मागून पुढे येऊन सरळ व्हायला उशीर लागे, आणि तो सरळ होण्याआधी वजन पडले की गुडघा दुमडून माणूस कोसळे. तेवढा अवधी मिळावा म्हणून डाव्या पायावर एक जादा उडी. त्याची किंमत दोन्ही पायांनी मोजली. डावीकडे नडगी दुखे, गुडघा सुजे. उजवीकडे उरलेली मांडी कृत्रिम पायाच्या खोबणीत (सॉकेटमध्ये) घासून फोड येत, रक्त वाहे. तरीही बहुतेक दिवशी सुमारे 42 किलोमीटर! 12 एप्रिल 1980 ला कॅनडाच्या पूर्व टोकाला सेंट जॉन्सहून निघालेला हा मुलगा 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावला. 1 सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ त्याला थांबावे लागले, कारण कर्करोग फुप्फुसांत पोहोचला होता. 28 जून 1981 ला तो गेला, तेव्हा तेविसावा वाढदिवस महिन्यावर होता.

प्रश्न : टेरीने जमवलेला पैसा संशोधनालाच का? (नाशिक)

उत्तर : त्याला जगण्याची शक्यता 50 टक्के सांगितली होती, दोनच वर्षे आधी ती 15 टक्के असती, असेही. हा फरक संशोधनाने पडला, हे त्याने मनात धरले. आधी वर्गणी तुरळक येई. पण पोर्ट ऑ बास्क या 10 हजार वस्तीच्या गावाने 10 हजार डॉलरहून अधिक दिले. पुढे प्रत्येक कॅनेडियनामागे एक डॉलर हे ध्येय ठरले, आणि फेब्रुवारी 1981 पर्यंत 2 कोटी 40 लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. गाडी, इंधन, बूट कंपन्यांनी दिले, पण मालाची जाहिरात करा म्हणणाऱ्यांना त्याने नकार दिला. आजही त्याच्या नावाच्या दौडीत ना प्रवेशशुल्क, ना विजेते.

प्रश्न : आमचे मंडळ अशी दौड घेणार आहे. हिशेब कसा ठेवावा? अमेरिकेतले नातेवाईकही पैसे देणार आहेत. (सातारा)

उत्तर : पैसा मंडळाच्या खात्यात घेऊच नका. ज्या संस्थेला द्यायचा तिचाच क्यूआर कोड लावा. पावती दात्याच्या नावे, पॅनसह निघेल. त्याआधी संस्थेकडून लेखी घ्या की रक्कम संशोधनाला जाईल. नुसते ‘कर्करोगासाठी’ लिहिले तर ती उपचार-मदतीत जाऊ शकते. तीही गरजेचीच, पण दात्याला सांगितले ते पाळले पाहिजे. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरातली देणगीची (80जी) वजावट नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्याला तर मुळीच नाही. टी-शर्टच्या बदल्यात घेतलेले शुल्क देणगीत मोडत नाही, ते वेगळे ठेवा. आमच्या मते टी-शर्ट, पदके टाळावीतच. बराच निधी तिथेच जिरू शकतो. पाणी, रुग्णवाहिका आणि पोलिसांची परवानगी यांत मात्र काटकसर नको.

नातेवाइकांचा पासपोर्ट विचारा. भारतीय असेल आणि पैसा स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत येत असेल, तर अडचण नाही. अमेरिकन नागरिक, अगदी ओसीआय कार्डधारकही (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे लोक), ‘परदेशी स्रोत’ ठरतो. त्याची देणगी फक्त एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेली संस्थाच घेऊ शकते, तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात. अशी रक्कम मंडळाच्या कुणाच्या खात्यावर मागवली, तर कायदा मोडतो.