व्हीएमची डिस्क नेटवर्कवरून देताना

प्रश्न : लॅबमधल्या लिनक्स सर्व्हरवर क्यूईएमयू-एनबीडी (डिस्क नेटवर्कवरून देणारा प्रोग्राम; एनबीडी म्हणजे नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस) चालवून दोन केव्हीएम होस्टना (व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालवणाऱ्या मशीनना) रॉ, म्हणजे कुठलंही हेडर नसलेल्या, डिस्क दिल्या आहेत. फायरवॉलमध्ये पोर्ट १०८०९ फक्त त्या दोन आयपींना उघडा आहे. एवढं पुरेसं आहे का? शिवाय व्हीएम बंद केला की क्यूईएमयू-एनबीडीही बंद पडतो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पुरेसं नाही. एनबीडीत पासवर्ड हा प्रकारच नाही. पोर्टपर्यंत पोचला त्याला अख्खी डिस्क मिळते, आणि टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) नसेल तर डेटा उघडाच धावतो. फायरवॉल राहू द्या, पण क्यूईएमयू-एनबीडीच्या बाइंड पर्यायात स्टोरेज नेटवर्कचा आयपी द्या. तो न दिल्यास सर्व्हर सगळ्या इंटरफेसवर ऐकत बसतो.

मग टीएलएस. सर्टटूल या कमांडने स्वतःची सीए (सर्टिफिकेटांवर सही करणारी यंत्रणा) बनवा आणि सर्व्हरच्या फोल्डरमध्ये सीए-सर्ट, सर्व्हर-सर्ट आणि सर्व्हर-की या तीन पेम फाइल ठेवा. की फाइलची परवानगी ६००. व्हेरिफाय-पीअर (समोरच्याचं सर्टिफिकेट तपासायचा पर्याय) ‘यस’ ठेवा, म्हणजे सर्टिफिकेट नसलेला क्लायंट दारातूनच परत जातो. मात्र त्याच सीएने सही केलेलं कुठलंही सर्टिफिकेट चालतं, म्हणून लॅबची जुनी, सगळीकडे वापरलेली सीए इथे नको.

जोडणी नाकारली जाते ती बहुतेक वेळा नावामुळे : होस्ट आयपीने जोडतो आणि सर्टिफिकेटमध्ये फक्त डीएनएस नाव असतं. सर्टटूलला दिलेल्या टेम्प्लेट फाइलमध्ये सर्व्हरचा आयपीही लिहा. दोन्हीकडची घड्याळं जुळतात का तेही बघा.

फॉरमॅट ‘रॉ’ असं स्पष्ट लिहायला विसरू नका. न लिहिल्यास क्यूईएमयू डिस्कची सुरुवात वाचून अंदाज बांधतो. व्हीएममधला रूट युजर तिथे क्यूकाऊ२चं (क्यूईएमयूच्या स्वतःच्या डिस्क फॉरमॅटचं) हेडर लिहून सर्व्हरवरची दुसरी फाइल ‘बॅकिंग फाइल’ (डिस्कचा मूळ डेटा जिथून वाचायचा ती फाइल) म्हणून दाखवू शकतो आणि पुढच्या वेळी ती वाचू शकतो. टीएलएस इथे काहीच कामाचं नाही.

क्यूईएमयू-एनबीडी बंद पडतो कारण शेवटचा क्लायंट गेला की थांबायचं, हीच त्याची मूळ रीत. पर्सिस्टंट पर्याय लावा.

शेवटी एनबीडीइन्फो या तपासणीच्या कमांडने सर्टिफिकेटशिवाय जोडून पाहा. डिस्कचा आकार दिसला तर टीएलएस लागलेलंच नाही.

प्रश्न : दुसरा होस्ट जोडताना अडकून राहतो. क्यूईएमयू-एनबीडीच्या शेअर्ड पर्यायाचा (एकावेळी किती क्लायंट जोडू द्यायचे त्याचा) आकडा वाढवू का?

उत्तर : मूळ मर्यादा १ क्लायंटची आहे. लाइव्ह मायग्रेशनसाठी (चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवण्यासाठी) २ करा, कारण तेव्हा दोन्ही होस्ट थोडा वेळ एकदम जोडलेले असतात. एक्स्टी४ फाइलसिस्टिम असलेल्या एकाच डिस्कवर दोन चालू व्हीएम लिहिणार असतील तर अजिबात नको. एनबीडी कुलूप लावत नाही, फाइलसिस्टिम हमखास बिघडते.