वाळूतला छंद आणि पावसाळ्याचे चार महिने

हर्णैजवळून एका वाचकांनी विचारलं आहे: "वय ३८. थोडी आंब्याची कलमं आणि पर्यटकांसाठी दोन खोल्या, यावर घर चालतं. घरखर्च महिन्याला साधारण २२ हजार. बचत खात्यात ४० हजार आहेत, शिवाय दीड लाखाची ठेव पुढच्या मे महिन्यात पुरी होते. लहानपणापासून पुळणीवर भटकायचा नाद आहे. एका पाहुण्याकडे मेटल डिटेक्टर पाहिला, तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. एक १९ हजारांचा आहे, दुसरा ६४ हजारांचा. ६४ चा २४ हप्त्यांत मिळतोय, व्याज १६ टक्के. धाकटा भाऊ म्हणतो, आपल्या जुन्या घरठाणात धन पुरलंय असं आजी सांगायची, ते सापडलं तर पैसे एका दिवसात वसूल. घेऊ का?"

सस्नेह नमस्कार.

घ्या. १९ हजारांचा घ्या, रोख पैसे देऊन घ्या, आणि शिमगा आटोपल्यावर घ्या.

माझं माहेर आंजर्ल्याचं. पहाटेच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, ओल्या वाळूत पाय बुडवत चालण्याचं सुख काय असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून छंदावर पैसे खर्च करू नका असं मी सांगणार नाही. पण तुमच्या पत्रात छंद आणि कमाई यांची गाठ पडली आहे. ती आधी सोडवू.

तुमच्या उत्पन्नाकडे बघा. आंब्याचे पैसे वर्षातून एकदा येतात, खोल्या दिवाळीपासून मेपर्यंत चालतात. जून ते सप्टेंबर घरात येणं जवळपास थांबतं, खर्च मात्र थांबत नाही. चार महिन्यांचे २२ हजारांप्रमाणे ८८ हजार होतात आणि हाताशी आहेत ४० हजार. त्यात एखाद्या वर्षी अवकाळी पावसाने मोहोर गेला, की पुढचं सगळं गणितच कोलमडतं. अशा घरात ६४ हजारांचं यंत्र हप्त्यावर आणलं तर महिन्याला सुमारे ३,१३० रुपये जातील, दोन वर्षांत ७५ हजारांच्या वर. त्या २४ हप्त्यांतले आठ हप्ते भर पावसाळ्यात येतील, खोल्यांना कुलूप असताना. पगारदार माणसाला हा हप्ता जड जाणार नाही. तुम्हाला जाईल, आणि ज्या यंत्राने आनंद द्यायचा तेच डोळ्यांसमोर नकोसं होईल.

ठेवही मोडू नका. मुदतीआधी मोडली की बँक व्याज कापते. मे महिन्यात ती पुरी झाली की ५० हजार वेगळे काढून पावसाळ्यासाठी ठेवा, उरलेले एक लाख पुन्हा ठेवीत टाका. यंत्रासाठी ऑक्टोबरपासून सहा महिन्यांची आरडी उघडा, दरमहा ३,५०० रुपयांची. मार्चअखेर २१ हजार आणि वर थोडं व्याज हातात येईल.

आता यंत्राबद्दल. महागडं यंत्र एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सींवर चालतं, म्हणून खाऱ्या ओल्या वाळूतही शांत राहतं. स्वस्त यंत्र एकाच फ्रीक्वेन्सीचं. ते कोरड्या वाळूत छान चालतं, पण लाटांच्या रेषेत उगाच किरकिर करतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाची काळी वाळू आहे, तिथेही त्रास होतो. वर बागेत आणि घराभोवती आपला जांभा. तो लोहाने भरलेला असल्याने दगडच धातू असल्यासारखा आवाज येतो. पण पर्यटक बसतात, खेळतात, वस्तू हरवतात, ते बहुतेक कोरड्या पट्ट्यात. शिकायला तो पट्टा पुरेसा आहे.

दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या शिक्षकांबरोबर मी सकाळचे दोन तास अशा यंत्रामागे फिरले. सापडलं ते असं: बाटल्यांची नऊ बुचं, कॅनचे ओढायचे दोन पत्रे, जाळ्याला लावायच्या शिशाच्या चार गोळ्या, होडीचा गंजका खिळा आणि खाऱ्याने खाल्लेलं दोन रुपयांचं एक नाणं. बुचं नकोत म्हणून त्यांनी कमी कौलाचे (कौल म्हणजे धातू जाणवल्यावर यंत्र देतं तो इशारा) आवाज बंद करायचं बटण दाबलं आणि लगेच पुन्हा उघडलं. सोन्याची बारीक अंगठी आणि कॅनचा पत्रा यांचा कौल बराचसा सारखाच येतो. कचरा गाळायला गेलात तर अंगठीही गाळली जाते. म्हणजे प्रत्येक बुचासाठी वाकावं लागतं. ज्याला हे वाकणं आवडतं त्यानेच हा छंद घ्यावा. ते शिक्षक दोन तास हसतमुख होते.

आणि समजा अंगठी सापडलीच, तर ती तुमची होत नाही. हरवलेली वस्तू मालकाचीच राहते, सापडणारा फक्त राखणदार. १८७२ च्या करार कायद्यात हे स्पष्ट आहे. मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल तर ते मागण्याचा हक्क मात्र तुम्हाला आहे. मालकाचा शोध न घेता वस्तू खिशात घालणं हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा ठरतो. पोलीस ठाण्यात कळवा, पावती घ्या. तुमच्या खोल्यांवर उतरलेल्या पाहुणीचं मंगळसूत्र वाळूतून शोधून तिच्या हातात दिलंत, तर ती पुढच्या वर्षी चार कुटुंबं घेऊन येईल. या छंदातून काही कमाई झालीच, तर ती याच वाटेने येईल असं मला वाटतं.

आता घरठाण. इथे मला खरी काळजी वाटते. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं आणि ते सरकारी कोषागारात जमा करावं लागतं किंवा त्याबद्दल तारण द्यावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. मालक कोणीच नाही असं ठरलं, तर वेगळा करार नसताना तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला. पण ते शंभर वर्षांच्या आत पुरलेलं आहे असं सिद्ध करून हक्क सांगणारा उभा राहिला, तर वाटणी तिथेच थांबते. तुमच्या सातबारावर किती नावं आहेत? आजी जशी तुमची, तशीच मुंबईच्या चुलत भावांचीही. हंडा निघो न निघो, तुम्ही यंत्र घेऊन घरठाणात खणताय एवढी बातमी भावकीत पोचली तरी वकिलाची फी सुरू होईल.

शिवाय शिवराईएवढं नाणं अशा यंत्राला साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळतं. पंधरा फुटांवरचं सोनं दाखवणारं यंत्र म्हणून कोणी काही विकायला आलं तर त्याला पडवीतही बसवू नका. माझ्या परिचयातल्या एका बागायतदाराने अशा 'यंत्रा'साठी दीड लाख मोजले. मी ते हातात घेऊन पाहिलं: पितळेच्या दोन कांड्या आणि एक रिकामी डबी. त्याच्या मुलीच्या शिक्षणाचे ते पैसे होते. पाठोपाठ मांत्रिक आला, की ते प्रकरण २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यापर्यंत जाऊ शकतं.

हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि २०२५ पासून जागतिक वारसा यादीतही. तिथे यंत्र नेऊच नका. किनाऱ्यावरच्या कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ल्यापासूनही ते लांबच ठेवा. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, आणि पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, तेव्हा 'जुनी नाणी विकू' हा हिशेबही मनातून काढा. नोव्हेंबरपासून कासवं अंडी घालायला येतात. घरट्याची खूण दिसली की तिथून मागे फिरा.

यंत्र भारतातल्या विक्रेत्याकडून, पक्क्या बिलासह घ्या. परदेशातून मागवलं तर सीमाशुल्क वर पडतं आणि बिघडलं तर पाठवायचं कुठे हा प्रश्न उरतो. वाळू चाळायचं जाळीचं खोरं ऑनलाइन घेऊ नका, स्टीलचं काम करणाऱ्या गावातल्या वेल्डरकडून करून घ्या. घरी आल्यावर यंत्राची कॉइल (वाळूवरून फिरवायची खालची चकती) गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर खारा वारा ते दोन पावसाळ्यांत खाऊन टाकेल. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवा, निघालेली बुचं पिशवीत घालून घरी आणा.

हनुमान जयंतीच्या पौर्णिमेला उधाणाची भरती-ओहोटी असते, पहाटेच्या ओहोटीला पाणी खूप मागे जातं. तोवर यंत्र हातात आलेलं असेल. पहिल्या दिवशी ओल्या वाळूकडे जाऊ नका, सुरूच्या झाडांखालच्या कोरड्या पट्ट्यात फिरा, आणि काय काय निघालं ते मला नक्की कळवा.